टेलला न पोहोचणारा ऑक्सिजन

धरणाच्या कालव्यावर ज्यांची शेती आहे त्यांना 'टेल' म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. आवर्तन सुटले की कालव्याच्या तोंडाशी असलेल्या उसाच्या सऱ्या तुडुंब भरतात, पाणी पुढे सरकते तसतसे वरचे लोक ते उचलत जातात, आणि शेवटच्या चारीवरच्या शेतापर्यंत कधी नुसती ओल पोहोचते, कधी तीही पोहोचत नाही. कर्करोगाच्या गाठीत ऑक्सिजनचे असेच होते. रक्तवाहिनीला लागून असलेल्या पेशी ऑक्सिजन पिऊन टाकतात आणि लांबच्या पेशी तहानलेल्या राहतात. शेतात टेलचे पीक वाळून जाते. गाठीत मात्र टेलच्या काही पेशी तशाच तग धरतात, आणि किरणोपचाराला सर्वांत चिवटपणे पुरून उरणाऱ्या पेशी नेमक्या याच असतात. या ऑक्सिजनच्या तुटीला वैद्यकात हायपॉक्सिया म्हणतात. डोके व मान यांच्या कर्करोगात तिचा जितका पाठपुरावा झाला, तितका फार थोड्या कर्करोगांत झाला असेल.

डोके व मानेचे कर्करोग या नावात मेंदूचा कर्करोग येत नाही. तोंड, जीभ, गालाची आतली बाजू, हिरड्या, घसा, स्वरयंत्र, नाकामागची पोकळी या भागांतले, बहुतेक अस्तराच्या चपट्या पेशींपासून सुरू होणारे कर्करोग या गटात मोडतात. भारतातल्या पुरुषांमध्ये तोंडाचा कर्करोग सर्वाधिक आढळतो, आणि तंबाखू-चुना, मिश्री, गुटखा, बिडी ही त्याची कारणे महाराष्ट्रात घरोघरी ठाऊक आहेत. युरोप-अमेरिकेत घशाच्या वरच्या भागातले, टॉन्सिल आणि जिभेच्या मुळाचे, एचपीव्ही या विषाणूमुळे होणारे कर्करोग बरेच वाढले आहेत. हे दोन वेगवेगळे आजार आहेत असेच समजून पुढचे वाचावे, कारण एकावर लागू पडलेला निष्कर्ष दुसऱ्यावर लागू पडत नाही. तोंडाच्या कर्करोगात सहसा आधी शस्त्रक्रिया होते आणि गरज पडल्यास नंतर किरणोपचार. स्वरयंत्र आणि घसा यांच्या बाबतीत मात्र आवाज व गिळण्याची क्षमता वाचवण्यासाठी किरणोपचार हाच अनेकदा मुख्य उपचार असतो. हायपॉक्सियाचे बरेचसे संशोधन या दुसऱ्या प्रकारच्या रुग्णांवर झालेले आहे.

आपल्याकडे रुग्ण किरणोपचाराला 'लाइट' किंवा 'शेक' म्हणतात. गरम पाण्यात मऊ केलेली जाळीदार प्लॅस्टिकची पत्री चेहऱ्यावर आणि मानेवर दाबून बसवतात, ती काही मिनिटांत कडक होते आणि रुग्णाच्या चेहऱ्याचा हुबेहूब साचा तयार होतो. तो मुखवटा रोज त्याच टेबलाला खटके लावून बसवायचा, आठवड्यातून पाच दिवस, साधारण ३३ ते ३५ वेळा. दरवेळी सुमारे २ ग्रे आणि एकूण ७० ग्रेच्या आसपास, असा हिशेब फाइलवर लिहिलेला असतो. फाइलवरचा हा 'ग्रे', किरणांची मात्रा मोजण्याचे एकक, म्हणजे लुई हॅरॉल्ड ग्रे या ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञाचे नाव आहे, आणि आपल्या विषयाच्या मुळाशीही तेच आहेत.

किरण पेशीला मारतात ते मुख्यतः तिच्या डीएनएचे तुकडे पाडून. किरण पेशीतून जाताना, बरेचदा पेशीतल्या पाण्याच्या रेणूंना फोडून, अतिशय चंचल असे मुक्त मूलक तयार करतात आणि ते डीएनएवर घाव घालतात. हा घाव पहिल्या क्षणी कच्चा असतो. पेशीतले ग्लुटाथिऑनसारखे रेणू हायड्रोजन देऊन तो तिथल्या तिथे बुजवू शकतात. जवळ ऑक्सिजन असेल तर तो आधी येऊन त्या जखमेला चिकटतो आणि घाव पक्का होतो. मग दुरुस्ती सोपी राहत नाही. ही शर्यत सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आत संपते, म्हणून ऑक्सिजन किरण पडत असताना तिथे हजर असावा लागतो, नंतर येऊन उपयोग नाही. परिणामाचा फरक मोठा आहे: ऑक्सिजन नसलेल्या पेशी मारायला, ऑक्सिजन असलेल्या तितक्याच पेशी मारण्यासाठी लागते त्याच्या अडीच ते तीनपट मात्रा लागते. गाठीच्या त्या भागाला ७० ग्रे दिले तरी प्रत्यक्षात २३ ते २८ ग्रेच पोहोचल्यासारखे होते. ऑक्सिजन मिळणाऱ्या निरोगी त्वचेला आणि लाळग्रंथींना मात्र पूर्ण ७० ची झळ बसू शकते, त्यामुळे मात्रा तिप्पट करण्याचा मार्ग बंदच असतो.

याची पहिली चाहूल फार जुनी आहे. १९०९ मध्ये गॉटवॉल्ट श्वार्ट्झ यांनी दाखवले होते, की किरणांचे उपकरण त्वचेवर घट्ट दाबून धरले, म्हणजे त्या जागेचा रक्तप्रवाह अडवला, तर त्वचा कमी भाजते. या निरीक्षणाचा गाठीशी संबंध पक्का व्हायला १९५३ साल उजाडले, जेव्हा ग्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑक्सिजनचे प्रमाण हा किरणोपचारातला महत्त्वाचा घटक असल्याचे मांडले. त्यानंतर १९५५ मध्ये टॉमलिन्सन आणि ग्रे यांचा तो प्रसिद्ध शोधनिबंध आला. तो मला फार आवडतो, कारण त्यात एकही महागडे यंत्र नाही. फुप्फुसाच्या कर्करोगाच्या स्लाइड सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून त्यांनी फक्त मोजमाप केले. गाठीच्या पेशी दोरखंडासारख्या वाढलेल्या होत्या. दोरखंडाच्या बाहेरून केशवाहिन्या गेलेल्या, कडेला जिवंत पेशींची पट्टी आणि मधोमध मेलेल्या पेशींचा लगदा. दोरखंड जाड असो की बारीक, जिवंत पट्टीची रुंदी सुमारे १८० मायक्रोमीटरच्या, म्हणजे दोन-तीन केसांच्या जाडीच्या, पलीकडे जात नव्हती. ऑक्सिजन पेशीपेशींतून झिरपत जास्तीत जास्त किती अंतर जाऊ शकेल याचे गणित त्यांनी केले, तेव्हा उत्तर जवळपास तेच आले. जिवंत पट्टी आणि लगदा यांच्या सीमेवरच्या पेशी म्हणजे आपले टेलचे शेतकरी: मेलेले नाहीत, पण ऑक्सिजनही जेमतेम.

कालव्याची उपमा आणखी थोडी ताणता येते. टेलला पाणी न पोहोचणे हा कायमचा दुष्काळ झाला. पण कधी कधी मधलीच चारी गाळाने बंद होते आणि तोंडाजवळची शेतेही काही काळ कोरडी पडतात. गाठीतल्या रक्तवाहिन्या घाईने, वेड्यावाकड्या वाढलेल्या आणि गळक्या असल्यामुळे त्यांतला प्रवाह थांबतो, पुन्हा सुरू होतो, कधी उलटाही फिरतो. अशी तात्पुरती तूटही असते हे १९७०च्या दशकाच्या अखेरीस स्पष्ट झाले. त्याचा व्यवहारातला अर्थ असा, की आज ज्या पेशी ऑक्सिजनविना आहेत त्या उद्याही तशाच असतील असे नाही. रोज थोडी थोडी मात्रा देण्याच्या पद्धतीचा एक फायदा इथेच आहे: आजच्या मात्रेने कडेच्या पेशी मरतात, ऑक्सिजन पिणारी तोंडे कमी होतात, आणि उद्यापर्यंत थोडा ऑक्सिजन पुढे सरकतो. त्यामुळे 'सगळे एकदम का देत नाहीत' या नातेवाइकांच्या प्रश्नाच्या उत्तराचा एक भाग (दुसरा भाग निरोगी पेशींच्या दुरुस्तीचा) या तहानलेल्या पेशींमध्ये आहे.

बरे, ऑक्सिजन नाही तर या पेशी मरत का नाहीत? अनेक मरतातही. उरलेल्या जुळवून घेतात. आपल्या प्रत्येक पेशीत एचआयएफ नावाचे एक प्रथिन सतत बनत असते आणि ऑक्सिजन पुरेसा असेल तर बनता बनताच मोडीत काढले जाते: ऑक्सिजन वापरून एक विकर त्याच्यावर खूण करते, व्हीएचएल हे प्रथिन ती खूण ओळखते आणि पेशीची कचराकुंडी त्याची विल्हेवाट लावते. ऑक्सिजन संपला की खूण होत नाही, एचआयएफ साठते आणि शेकडो जनुकांना कामाला लावते. नव्या रक्तवाहिन्यांची हाक दिली जाते, साखर ओढून घेण्याची दारे वाढतात, आम्ल बाहेर फेकणारी यंत्रणा उभी राहते. ही यंत्रणा उलगडल्याबद्दल विल्यम केलिन, पीटर रॅटक्लिफ आणि ग्रेग सेमेन्झा यांना २०१९ चे नोबेल मिळाले. अशा परिस्थितीत तग धरलेल्या पेशी अधिक आक्रमक आणि शरीरात इतरत्र पसरण्याकडे झुकणाऱ्या असतात, म्हणजे हायपॉक्सियाचे नुकसान किरणोपचारापुरते मर्यादित नाही.

मोबाइलवर फिरणारा एक संदेश यानिमित्ताने आठवतो: 'कर्करोगाच्या पेशी ऑक्सिजनमध्ये जगूच शकत नाहीत, म्हणून खोल श्वास घ्या, अमुक पाणी प्या.' वस्तुस्थिती उलटी आहे. त्या ऑक्सिजनमध्ये मजेत जगतात, त्याच्या तुटीतही तग धरतात. आणि ऑक्सिजनमध्ये असताना त्या किरणांना अधिक सहज बळी पडतात, एवढाच खरा भाग आहे. शिवाय निरोगी फुप्फुसांच्या माणसाचे हिमोग्लोबिन साध्या हवेतच ९५ टक्क्यांच्या वर भरलेले असते, त्यामुळे खोल श्वासाने त्यात भर पडायला जागाच फारशी नसते. अडचण कालव्याच्या तोंडाशी नाही, टेलला आहे.

हायपॉक्सिया खरोखर रुग्णाच्या निकालावर परिणाम करतो का, हे थेट मोजण्यासाठी सुईसारखा बारीक इलेक्ट्रोड मानेतल्या गाठीत टप्प्याटप्प्याने आत सरकवून जागोजागी ऑक्सिजनचा दाब नोंदवण्याची पद्धत वापरली गेली. निरोगी ऊतींत हा दाब साधारण ४० मिलिमीटर पाऱ्याच्या आसपास असतो. गाठींत तो अनेक ठिकाणी अडीचच्याही खाली आढळतो. अनेक देशांतल्या केंद्रांची मोजमापे एकत्र करून २००५ मध्ये डेन्मार्कच्या नॉर्ड्समार्क आणि सहकाऱ्यांनी ३९७ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला, आणि ज्यांच्या गाठीत अतिशय कमी ऑक्सिजनची ठिकाणे जास्त होती त्यांचे आयुर्मान कमी असल्याचे त्यात दिसले. रोगाचे निदान इतके पक्के झाल्यावर औषध सापडणे सोपे असेल असे कोणालाही वाटावे. तसे झाले नाही.

पहिला प्रयत्न सरळ होता: ऑक्सिजन जबरदस्तीने भरायचा. १९५०च्या दशकात लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात चर्चिल-डेव्हिडसन यांनी रुग्णांना बंद टाकीत, वातावरणाच्या तिप्पट दाबाच्या ऑक्सिजनमध्ये ठेवून किरणोपचार दिले. पुढे कार्डिफमध्ये झालेल्या चाचण्यांत डोके-मानेच्या कर्करोगात गाठ आटोक्यात राहण्याचे प्रमाण वाढल्याचे दिसलेही; पण रोज एकेका रुग्णाला टाकीत बंद करणे, झटके येण्याचा आणि आगीचा धोका सांभाळणे हे कोणत्याही गर्दीच्या विभागाला झेपणारे नव्हते.

दुसरा मार्ग रक्ताचा. रक्तक्षय असलेल्या रुग्णांत किरणोपचाराचे निकाल वाईट येतात हे माहीत होते, तेव्हा हिमोग्लोबिन वाढवावे हे ओघाने आले. २००३ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या ३५१ रुग्णांच्या चाचणीत लाल रक्तपेशी वाढवणाऱ्या एरिथ्रोपोएटिनची इंजेक्शने देऊन हिमोग्लोबिन वाढवले गेले; ते वाढले, आणि तरीही इंजेक्शन घेतलेल्यांचे निकाल न घेतलेल्यांपेक्षा वाईट आले. डेन्मार्कमध्ये किरणोपचाराआधी रक्त चढवूनही फायदा झाला नाही. लॅबच्या कागदावरचा आकडा सुधारणे आणि गाठीतली तूट भरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या क्षेत्राने महागात शिकलेले आहे.

तिसऱ्या मार्गात एक ओळखीचे औषध भेटते. जुलाब झाल्यावर डॉक्टर लिहून देतात ती मेट्रोनिडाझोलची गोळी नायट्रोइमिडाझोल या कुळातली. ऑक्सिजनविना जगणाऱ्या जंतूंमध्येच ती सक्रिय होते, म्हणून त्यांच्यावर चालते. या कुळातले रेणू इलेक्ट्रॉन ओढून घेतात आणि डीएनएच्या कच्च्या जखमेजवळ ऑक्सिजनचे सोंग वठवू शकतात. शिवाय ते ऑक्सिजनसारखे वाटेतच खर्ची पडत नाहीत, त्यामुळे टेलपर्यंत पोहोचतात. पहिले औषध मिसोनिडाझोल हातापायांच्या नसांना इजा करत असल्याने पुरेशा मात्रेत देता येईना. मग डेन्मार्कमध्ये येन्स ओव्हरगार्ड यांच्या गटाने सौम्य निमोराझोल घेतले. १९८६ ते १९९० या काळात रुग्ण घेतलेल्या त्यांच्या 'डाहांका ५' चाचणीत किरणोपचाराच्या सुमारे दीड तास आधी गोळ्या दिल्या जात. घसा आणि स्वरयंत्राच्या वरच्या भागातल्या कर्करोगात पाच वर्षांनी रोग त्या जागी व मानेत आटोक्यात असलेले रुग्ण गोळ्या घेणाऱ्यांत ४९ टक्के आणि न घेणाऱ्यांत ३३ टक्के होते. मळमळ आणि उलट्या हा मुख्य त्रास. डेन्मार्कने ते औषध नेहमीच्या उपचारात घेतले. बाकी जगाने बहुतांशी घेतले नाही. पेटंट नसलेल्या स्वस्त गोळीमागे पैसा लावायला कोणी पुढे येत नाही, हेही त्याचे एक कारण असावे असे मला वाटते, पण ते एकमेव कारण नव्हे, कारण नंतरच्या चाचण्यांनी निराशाच केली. मँचेस्टरच्या पुढाकाराने झालेल्या 'निमरॅड' चाचणीत, ज्यांना केमोथेरपी झेपणार नव्हती अशा रुग्णांत निमोराझोलचा फायदा दिसला नाही.

नेदरलँड्समधल्या नायमेखेन इथल्या गटाने स्वरयंत्राच्या कर्करोगात ९८ टक्के ऑक्सिजन व २ टक्के कार्बन डायऑक्साइड यांचे मिश्रण आणि निकोटिनामाइड हे जीवनसत्त्व वापरून पाहिले. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ३४५ रुग्णांच्या या चाचणीत स्वरयंत्रातल्या गाठीच्या निकालात फरक पडला नाही. मानेतल्या गाठींवरचा ताबा मात्र सुधारला. ज्यांच्या गाठीत हायपॉक्सिया असल्याचे आधीच रंगवून पाहिले होते त्यांच्यात तर मानेतला रोग आटोक्यात राहण्याचे प्रमाण ५५ वरून १०० टक्क्यांवर गेले. हा उपगट लहान होता, हे विसरू नये.

सर्वांत बोधक गोष्ट टिरापाझामिनची आहे. हे औषध ऑक्सिजन कमी असेल तिथेच विषारी होते, म्हणजे नेम धरून मारणारे. ऑस्ट्रेलियातल्या एका छोट्या अभ्यासात ४५ रुग्णांचे ऑक्सिजनची तूट दाखवणारे खास पीईटी स्कॅन झाले होते: गाठीत तूट असलेल्या आणि टिरापाझामिन न मिळालेल्या १३ पैकी ८ जणांचा आजार त्या जागी किंवा मानेत परतला, तूट असून ते मिळालेल्या १९ पैकी एकाचाच. मग ८६१ रुग्णांची मोठी चाचणी झाली आणि दोन वर्षांनी दोन्ही गटांत सुमारे ६६ टक्के रुग्ण हयात होते, फरक शून्य. कारणे दोन. पहिले, मोठ्या चाचणीत तूट असलेले आणि नसलेले रुग्ण एकत्रच घेतले गेले, म्हणजे ज्यांच्या शेताला पाणी आहेच त्यांनाही टँकर पाठवला. दुसरे कारण अधिक अस्वस्थ करणारे आहे. तज्ज्ञांनी किरणोपचाराच्या योजना नंतर तपासल्या, तेव्हा सुमारे १२ टक्के रुग्णांच्या योजनेत गाठ आटोक्यात येण्याची शक्यता गंभीरपणे घटवतील अशा उणिवा निघाल्या: गाठीचा भाग किरणांबाहेर राहिलेला, मात्रा कमी पडलेली. या रुग्णांपैकी दोन वर्षांनी ५० टक्के हयात होते, तर नियमानुसार उपचार झालेल्यांपैकी ७० टक्के. पाचपेक्षा कमी रुग्ण देणाऱ्या केंद्रांत अशा गंभीर उणिवा सुमारे ३० टक्के, आणि २० किंवा अधिक रुग्ण देणाऱ्या केंद्रांत ५ टक्क्यांच्या आसपास. कोणत्याही नव्या औषधाने २० टक्क्यांचा फरक पाडला असता तर त्याची जगभर मथळ्यांनी दखल घेतली गेली असती. इथे तो फरक नीट आखणी केल्याने पडत होता.

म्हणून मला वाटते, की या क्षेत्राचा खरा प्रश्न औषधाचा कधीच नव्हता, निवडीचा होता. ओव्हरगार्ड यांनी २०११ मध्ये ३२ चाचण्यांतल्या ४,८०५ रुग्णांची माहिती एकत्र केली तेव्हा हायपॉक्सियावर उपाय केल्याने फायदा होतो असेच दिसले. पण तो सरासरी फायदा आहे, आणि तो नेमका कोणाला होतो हे आधी ओळखता आले पाहिजे. ओळखण्याच्या पद्धतींतही गंमत म्हणजे तेच कूळ कामाला येते: फ्लुओरोमिसोनिडाझोल हा किरणोत्सारी फ्लोरिन जोडलेला नायट्रोइमिडाझोल शिरेतून दिला, की तो ऑक्सिजन नसलेल्या जिवंत पेशींत अडकून पडतो आणि काही तासांनी काढलेल्या पीईटी स्कॅनमध्ये तो भाग उजळतो. न्यू यॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग या कर्करोग रुग्णालयात याचा वापर उलट्या दिशेने झाला. एचपीव्हीमुळे झालेल्या घशाच्या कर्करोगात मूळ गाठ शस्त्रक्रियेने काढली, मानेतल्या गाठींचे स्कॅन उपचाराआधी आणि उपचार सुरू झाल्यावर काढले, आणि ज्यांच्यात तूट नव्हती किंवा लवकर नाहीशी झाली त्यांना केमोथेरपीसोबत ७० ऐवजी फक्त ३० ग्रे दिले. पहिल्या अभ्यासात १९ पैकी १५ जणांना ३० ग्रेवर थांबता आले, आणि नंतरच्या मोठ्या अभ्यासातही निकाल उत्साहवर्धक आले. कोरडे तोंड, गिळताना होणारा त्रास यांची आयुष्यभराची साथ त्यामुळे हलकी होऊ शकते. तंबाखूमुळे झालेल्या तोंडाच्या कर्करोगावर हा हिशेब लावता येत नाही, आणि तो कोणी लावत असेल तर त्याला थांबवावे.

तंबाखूच्या रुग्णांसाठी हायपॉक्सियाशी जोडलेली एक साधी गोष्ट मात्र आजच हाताशी आहे. बिडी-सिगारेटच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला घट्ट धरून बसतो आणि ऑक्सिजनची जागा अडवतो. कॅनडातल्या ११५ रुग्णांच्या १९९३ च्या अभ्यासात, किरणोपचार चालू असताना धूम्रपान करत राहिलेल्यांपैकी ४५ टक्क्यांची गाठ पूर्ण विरघळली, तर त्या काळात धूम्रपान न करणाऱ्यांपैकी ७४ टक्क्यांची. दोन वर्षांनी हयात असलेले ३९ आणि ६६ टक्के होते. धूम्रपान चालू ठेवणाऱ्यांत इतरही फरक असू शकतात, त्यामुळे सगळे श्रेय ऑक्सिजनला देता येत नाही; पण लाइट घ्यायच्या रांगेतून उठून बाहेरच्या टपरीपर्यंत जाणाऱ्या माणसाला हे दोन आकडे सांगायला हरकत नाही.

पीईटीची सोय नसेल तिथे दुसरी वाट चाचपून पाहिली जात आहे. बायोप्सीचा तुकडा मेणात बसवून जो 'ब्लॉक' करतात, त्यातूनच तुटीची सवय लागलेल्या जनुकांचा ठसा वाचायचा. डेन्मार्कच्या गटाने १५ जनुकांचा, मँचेस्टरच्या गटाने २६ जनुकांचा असा ठसा तयार केला. जुन्या 'डाहांका ५' चाचणीचे ब्लॉक बाहेर काढून १५ जनुकांनी तपासले, तेव्हा निमोराझोलचा फायदा तूट असलेल्या गाठींतच झाल्याचे दिसले. पण 'निमरॅड'मध्ये २६ जनुकांच्या ठशाने तूट असल्याचे ठरलेल्या रुग्णांतही गोळीने फरक पडला नाही, त्यामुळे हे काम अजून अर्ध्यावर आहे. मुंबई-पुण्याच्या कर्करोग रुग्णालयांबाहेर, प्लॅस्टिकच्या पिशवीत फाइलसोबत स्लाइडची पेटी आणि नखाएवढ्या तुकड्याचा तो मेणाचा ब्लॉक घेऊन एका दारातून दुसऱ्या दारात जाणारे नातेवाईक रोज दिसतात. त्या मेणात दोन केसांच्या जाडीची ती जिवंत पट्टीही असते, आणि ती वाचता आली तर काय करायचे हे ठरवण्याचे काम सध्या चालू आहे.